गोव्यातील स्टार्टअपमध्ये पहिला पैसा घालताना

गोव्यात हाती थोडा मोकळा पैसा आला की तो आधी जमिनीकडे वळतो आणि उरला तर मुदत ठेवीत जातो. अलीकडे त्याला तिसरी वाट फुटली आहे. ओळखीतल्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी झुआरीनगरच्या बिट्समधून अथवा फर्मागुढीच्या महाविद्यालयातून बाहेर पडते, बेंगळुरूला किंवा पुण्याला दोन-चार वर्षे नोकरी करून परत येते, कंपनी काढते आणि पहिल्या दहा-वीस लाखांसाठी घरोब्यातल्या डॉक्टरांकडे, हॉटेलमालकाकडे किंवा निवृत्त अधिकाऱ्याकडे जाते. या लेखाचा वाचक तो डॉक्टर किंवा तो हॉटेलमालक आहे. कंपनीत बाहेरचा पहिला पैसा ज्या टप्प्यावर जातो, त्याच टप्प्यावर मी गुंतवणूक करतो. त्या कामात मी ज्या एका गोष्टीला सर्वाधिक वजन देतो तिच्याभोवती पुढचे सगळे विवेचन आहे: स्वतःला नको असलेला आकडा संस्थापक किती लवकर आणि किती स्वच्छपणे सांगतो.

कल्पना, बाजारपेठ आणि तंत्रज्ञान यांना महत्त्व आहेच, परंतु इतक्या लवकर त्यांच्याविषयी फारसे काही मोजता येत नाही. आणि एकदा पैसा दिल्यावर पुढची आठ-दहा वर्षे कंपनीविषयी तुम्हाला जे कळणार आहे, ते बहुतांशी याच माणसाच्या तोंडून कळणार आहे.

आधी आपल्या पैशाचा हिशेब

या क्षेत्रात परतावा समप्रमाणात येत नाही. वीस कंपन्यांत पैसा घातला तर निम्म्या किंवा त्याहून अधिक बुडतील, काही जेमतेम मुद्दल परत करतील आणि जो काही नफा होईल तो एखाद-दुसऱ्या कंपनीतून होईल, असेच धरून चालावे लागते. ही रीत जुनी आहे. बोस्टनमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि साधारण दशकभरात त्या हिश्शाची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. त्या संस्थेच्या बाकीच्या गुंतवणुकी आज क्वचितच कुणाला आठवतात. आपल्याकडे नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने झोमॅटोत पहिला पैसा २०१० मध्ये घातला आणि झोमॅटोचे समभाग बाजारात आले ते जुलै २०२१ मध्ये. यशस्वी ठरलेल्या गुंतवणुकीतसुद्धा अकरा वर्षे गेली.

आता हेच आकडे घरगुती मापाने मांडून पाहावेत. समजा, तुम्ही या कामासाठी एकूण १ कोटी रुपये बाजूला काढले आणि २० कंपन्यांत प्रत्येकी ५ लाख घातले. एका कंपनीचे मूल्य गुंतवणुकीनंतर ५ कोटी धरले असेल तर तुमचा हिस्सा १ टक्का होतो. पुढे त्या कंपनीने आणखी तीन फेऱ्यांत पैसा उभारला आणि प्रत्येक फेरीत नवे समभाग काढून नव्या गुंतवणूकदारांना कंपनीचा २० टक्के हिस्सा दिला, तर तुमचा १ टक्का घटत घटत ०.५१ टक्क्यावर येतो. त्या एकाच कंपनीने तुमचे संपूर्ण १ कोटी परत द्यायचे असतील तर ती सुमारे १९५ कोटींना विकली जायला हवी. तेच १ कोटी ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले असते तर दहा वर्षांत १ कोटी ९७ लाखांच्या आसपास झाले असते. म्हणजे नुसती मुदत ठेवीशी बरोबरी करायची तरी ती विक्री ३८० कोटींच्या पुढे जावी लागते. संस्थापकाला आपण "हे किती मोठे होऊ शकेल?" असे पुन्हा पुन्हा विचारतो ते या हिशेबामुळे, आणि तो हिशेब त्याच्यापुढे मोकळेपणाने मांडायला काहीच हरकत नाही. मी तर पहिल्याच भेटीत कागदावर मांडून दाखवतो. काही जण तो पाहून आपला धंदा इतका मोठा होणार नाही असे सांगून उठतात, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढतो.

यातून काही गोष्टी ओघानेच येतात. पूर्ण बुडाला तरी घरखर्चात, मुलांच्या शिक्षणात किंवा म्हातारपणाच्या तरतुदीत फरक पडणार नाही एवढाच पैसा यात घालावा. तो दोन-तीन कंपन्यांत एकवटू नये. सगळा पहिल्याच फेरीत संपवू नये. ठरवलेल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा, ज्या कंपन्या नीट चालल्या आहेत त्यांच्या पुढच्या फेरीसाठी राखून ठेवावा. आणि पर्वरीचा भूखंड अडचणीच्या वेळी जसा विकता येतो तसे हे समभाग मध्येच विकता येत नाहीत, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. खासगी कंपनीच्या समभागांना एरवी गिऱ्हाईक नसते.

ज्या धंद्याला गुंतवणूकदार नकोच असतो

वरच्या हिशेबात न बसणारे कितीतरी उत्तम धंदे गोव्यात आहेत. चांगले चालणारे गेस्टहाउस, काजू फेणीचा नेटका ब्रँड, फोंड्यातला मसाल्याचा कारखाना, वेर्ण्यातले सुटे भाग बनवणारे वर्कशॉप, यांतून कुटुंब सुखाने चालते आणि दहा माणसांना रोजगार मिळतो. परंतु ते ४०० कोटींना विकले जाणार नाहीत आणि जाण्याची गरजही नाही. अशा धंद्याला कर्ज द्यावे, भागीदारी करावी किंवा नुसती शाबासकी द्यावी. त्यात स्टार्टअप म्हणून पैसा घातला की पाच वर्षांनी मालकाला नफा वाटून घ्यायचा असतो आणि गुंतवणूकदाराला विस्तार हवा असतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मोठे व्हायलाही बाहेरचा पैसा लागतोच असे नाही: २०१० मध्ये सुरू झालेली झिरोधा बाहेरचे भांडवल न घेताच देशातील आघाडीची शेअर दलाली कंपनी झाली.

जून ते सप्टेंबर

गोव्यात कंपनी तपासण्याची एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरला उघडतो आणि मेअखेर आटोपतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, काजूचे काम उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांतच होते आणि चतुर्थीच्या आठवड्यात कुणी फोनही उचलत नाही. त्यामुळे येथील जवळजवळ प्रत्येक धंद्याला वर्षातून एकदा नकोसे आकडे येतातच, आणि ते संस्थापक कसे मांडतो हे पाहता येते. नुसत्या ऑक्टोबर ते मार्चच्या आलेखावर पैसा देऊ नये. बारा महिने मागावेत. कंपनी बारा महिन्यांची झाली नसेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा किंवा निदान अगदी लहान रकमेपासून सुरुवात करावी.

कळंगुट-कांदोळी पट्ट्यातील लहान गेस्टहाउसांसाठी बुकिंगचे सॉफ्टवेअर करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याच्या सादरीकरणात मार्चपर्यंत चढत जाणारी रेघ होती. जून ते सप्टेंबरचे काय, असे विचारल्यावर त्याने कारणे सांगायला सुरुवात केली नाही. लॅपटॉपवर दुसरीच एक शीट उघडली. तीत चाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत गेस्टहाउसचे नाव, तिथून शेवटचे लॉग-इन कधी झाले ती तारीख, त्याने फोन केला ती तारीख आणि मालकाने सांगितलेले कारण मालकाच्याच शब्दांत. चाळीसपैकी तेवीस जणांनी वापर थांबवला होता. चौदांनी पावसाळ्यापुरते गेस्टहाउसच बंद ठेवले होते. सहा ठिकाणी संगणक हाताळणारा पुतण्या किंवा भाचा बोटीवर नोकरीला निघून गेला होता. उरलेले तिघे सरळ वहीकडे परतले होते. त्यांपैकी एकीच्या नावासमोर लिहिले होते: "वहीत आठवडा एका नजरेत दिसतो, तुमच्या ह्यात तीनदा दाबावे लागते." त्याच्या शेजारच्या रकान्यात काय बदलले ते होते: आठवड्याचे एकच पान, सात खाने, खोल्यांची नावे मालकिणीने ठेवलेली तीच. बोटीवर गेलेल्या पुतण्यांच्या सहा ओळींसमोर मात्र तो रकाना रिकामा होता, आणि यावर आपल्याला अजून उत्तर सापडलेले नाही असे त्याने स्वतःहून सांगितले. मी त्याच्या कंपनीत पैसा घातला तो त्या शीटमुळे, आणि विशेषतः त्या रिकाम्या रकान्यामुळे.

याच्या उलट वर्तनही वारंवार पाहायला मिळते. पावसाळ्याचे महिने आलेखातून गाळून "हंगामानुसार समायोजित" असे शीर्षक दिलेले असते. किंवा आजवर नोंदलेल्या सर्व ग्राहकांची बेरीज दाखवलेली असते, जी कधी कमी होऊच शकत नाही. किंवा ग्राहकाने हॉटेलला दिलेले सगळे पैसे कंपनीची विक्री म्हणून मोजलेले असतात, प्रत्यक्षात कंपनीला त्यातले आठ-दहा टक्केच मिळत असतात. यात नेहमीच फसवण्याचा हेतू असतो असे नाही. तरुण माणसाने जे इतरांच्या सादरीकरणात पाहिले तेच तो करतो. म्हणून मी एकदा स्पष्ट करून घेतो: ही व्याख्या बदला, विक्री म्हणजे कंपनीच्या बँक खात्यात जमा झालेले आणि परत करावे न लागणारे पैसे, आणि पुन्हा तक्ता करून आणा. दुसऱ्या वेळीही तक्ता गुळगुळीतच आला तर मी थांबतो.

तपासणी प्रत्यक्ष करायची ती अशी. सादरीकरण घरी वाचावे आणि भेटीत त्याऐवजी बारा महिन्यांचे बँक विवरण मागावे. विवरण वाचायला सीए असावे लागत नाही. दर महिन्याला कुणाकडून किती आले, पगारावर किती गेले, जाहिरातीवर किती गेले आणि महिनाअखेर किती उरले एवढे चार आकडे काढले तरी पुरे. उरलेली रक्कम दरमहा होणाऱ्या तुटीने भागली की पैसा किती महिने पुरेल ते कळते, आणि संस्थापकाने हा आकडा न अडखळता सांगायला हवा. त्यानंतर ग्राहकांची पूर्ण यादी मागावी आणि त्यातून फोन करायची नावे तुम्ही निवडावीत. त्यात सोडून गेलेले ग्राहक जरूर असावेत. गोवा लहान आहे. म्हापशाच्या बाजारात किंवा मडगावच्या घाऊक मासळी बाजारात दोन ओळखींच्या अंतरावर प्रत्येक ग्राहक सापडतो, आणि बेंगळुरूच्या मोठ्या फंडाला जे महिनाभरात कळत नाही ते इथे एका सकाळी कळते. ग्राहकाला "आवडले का?" असे विचारू नये, कारण सगळे भिडेपोटी हो म्हणतात. "उद्यापासून हे बंद झाले तर तुम्ही काय कराल?" असे विचारावे. "काही नाही, पूर्वी करायचो तसे करू" हे उत्तर आले तर धंदा अजून उभा राहिलेला नाही.

एकाच ग्राहकावर उभ्या असलेल्या कंपनीबद्दल डिचोली, सत्तरी, सांगे भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून उत्खननाला वाट दिली, आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. दर वेळी ज्यांच्या ट्रकला खनिजाशिवाय दुसरा माल नव्हता ते हप्त्यांसह घरी बसले. स्टार्टअपमध्ये हाच धोका सोज्वळ रूपात येतो. एका बड्या हॉटेल समूहाचे किंवा एका सरकारी खात्याचे काम मिळालेले असते आणि विक्रीचा ऐंशी टक्के भाग तिथूनच येत असतो. त्या ग्राहकाचे करारपत्र किती महिन्यांचे आहे, मागची बिले किती दिवसांनी चुकती झाली आणि त्याच्याशिवाय बाकीची विक्री महिन्यागणिक वाढते आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. स्पर्धांतील बक्षिसे आणि अनुदाने यांची रक्कम तर विक्रीतून वजाच करावी. ती चांगली असतात, पण ती ग्राहकाने दिलेली नसतात.

उपकरणे, औषधनिदान, समुद्रविज्ञान अशा क्षेत्रांतील कंपन्यांना वर्षानुवर्षे विक्रीच नसते, त्यामुळे तिथे पावसाळ्याचा आकडा कामाचा नाही. वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रुनॅट या क्षयरोग चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली, पण त्यामागचे प्रयोगशाळेतले काम कित्येक वर्षे आधी सुरू झालेले होते. अशा ठिकाणी फसलेल्या चाचण्यांची नोंदवही मागावी. जी कंपनी फक्त यशस्वी चाचण्यांचे अहवाल दाखवते तिच्याकडे ती वही नसते, किंवा असून ती दाखवायची नसते, दोन्ही वाईट. तुम्हाला त्या शास्त्रातले कळत नसेल तर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील किंवा गोवा विद्यापीठातील एखाद्या जाणकाराला एक तास बसवावे आणि त्या तासाचे रीतसर मानधन द्यावे.

शेवटची एक गोष्ट वेळेची. पहिल्या भेटीत होकार देऊ नये. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भेटावे आणि मागच्या वेळी जे आकडे ऐकले होते त्यांचे काय झाले ते विचारावे. मधल्या काळात वाईट काही घडले असेल आणि ते तुम्हाला भेटीआधीच फोन करून सांगितले गेले असेल, तर ती मोठी जमेची बाजू आहे. मागची भेट विसरून त्याने नवीनच कल्पना मांडली, तर ती कल्पना कितीही आकर्षक असली तरी मी आणखी महिनाभर थांबतो.

संस्थापक दोघे-तिघे असतील तर

प्रत्येकाला एकदा तरी एकट्याने भेटावे आणि एकच प्रश्न विचारावा: तुमच्यात शेवटचा मतभेद कशावरून झाला आणि तो कसा मिटला? मतभेद झालेलाच नाही असे दोघांनी सांगितले तर ते अजून कामाला लागलेले नाहीत. दोघांनी एकच भांडण दोन बाजूंनी सांगितले तर उत्तम.

समभागांची वाटणी याच वेळी पाहावी. आपल्याकडे घरचा मामला असल्याने अनेकदा वडिलांनी जागा दिली म्हणून त्यांच्या नावे तीस टक्के, नोकरी न सोडलेल्या मित्राच्या नावे वीस टक्के, आणि दिवसरात्र राबणाऱ्या मुलीकडे उरलेले, असा प्रकार आढळतो. पुढच्या फेरीतला गुंतवणूकदार हे पाहून मागे फिरतो, कारण कंपनीत काम न करणाऱ्यांकडे अर्धी मालकी आहे. वडिलांच्या जागेचे भाडे ठरवावे, मित्राचा हिस्सा कामाच्या प्रमाणात आणावा, आणि सर्व संस्थापकांचे समभाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतील, पहिल्या वर्षाच्या आत जो सोडून जाईल त्याला काहीच राहणार नाही, असे करारात लिहून घ्यावे. हे बोलणे अवघड जाते, विशेषतः वडील तुमच्याच ओळखीचे असतील तेव्हा. पण पैसा जाण्याआधी ते जितके सोपे असते तितके नंतर कधीच राहत नाही.

ओळखीचा प्रश्न इथेच हाताळतो. चतुर्थीला एकमेकांकडे जाणारी घरे असली की नकार देणे जड जाते, आणि मग लोक नकार न देता झुलवत ठेवतात: "बघूया", "मार्चनंतर बोलू". संस्थापकाकडे मोजके महिने पुरेल एवढाच पैसा असतो आणि तुमच्या "बघूया"वर तो त्यातला एक महिना घालवतो. आठवडाभरात स्पष्ट नकार द्यावा, कारण एका वाक्यात द्यावे. आपण संस्थापकाकडून वाईट बातमी लवकर मागतो, तर आपली तरी उशिरा का असावी?

कागद

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असायला हवी. भागीदारी संस्था किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) समभाग देऊ शकत नाही. व्यवहार पणजीच्या किंवा मडगावच्या एखाद्या अनुभवी कंपनी सेक्रेटरीकडून करून घ्यावा, आणि त्याचा खर्च वाचवू नये. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार पैसा बँकेतूनच आणि स्वतंत्र खात्यात द्यावा लागतो, रोख चालत नाही; अर्जाचे पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत समभाग द्यावे लागतात, वाटपाची माहिती १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत कंपनीला तो पैसा वापरता येत नाही. संस्थापक घाईत असला की हा शेवटचा भाग हमखास विसरतो. पैसा पाठवण्याआधी त्याला याची आठवण करून द्यावी.

समभाग कोणत्या प्रकारचे घ्यावेत याविषयी माझा आग्रह साधा आहे. सक्तीने परिवर्तनीय होणारे प्राधान्य समभाग, म्हणजे पैसे परत मिळताना आधी हक्क देणारे आणि पुढे साध्या समभागांत बदललेच जाणारे समभाग घ्यावेत, आणि कंपनी विकली गेली तर आधी आपण घातलेली मूळ रक्कम एकपट परत किंवा हिश्शाप्रमाणे रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते मिळावे, एवढेच संरक्षण मागावे. दुप्पट-तिप्पट मागणारा लहान गुंतवणूकदार पुढच्या फेरीत कंपनीच्या पायातला खोडा होतो. मूल्य आत्ता ठरवायचे नसेल तर परिवर्तनीय नोट, म्हणजे आधी कर्जासारखा दिलेला आणि पुढे समभागांत बदलता येणारा पैसा, हा पर्याय आहे, मात्र ती केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन (डीपीआयआयटी) विभागाची मान्यता असलेल्या स्टार्टअपलाच देता येते, एका व्यक्तीने एका हप्त्यात किमान २५ लाख द्यावे लागतात आणि तिची मुदत कमाल १० वर्षांची असते. ज्यांना पाच-दहा लाखच घालायचे आहेत त्यांच्यासाठी ती नाही. जास्त किमतीला समभाग विकल्यावर कंपनीवर बसणारा, लोक ज्याला एंजल टॅक्स म्हणत तो २०१२ पासूनचा कर, २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला, त्यामुळे जुन्या सल्लागाराकडून त्याची भीती ऐकायला मिळाली तर ती सोडून द्यावी. मूल्यांकनाचा अहवाल मात्र अजूनही लागतो.

करारात तीन गोष्टी नक्की असाव्यात: दरमहा माहिती मिळण्याचा हक्क, पुढच्या फेरीत आपला हिस्सा टिकवण्याइतके समभाग घेण्याचा हक्क, आणि सॉफ्टवेअर, डिझाइन, ब्रँड हे सर्व कंपनीच्या मालकीचे असल्याचे संस्थापकांचे लेखी पत्र. तिसरी गोष्ट किरकोळ वाटते. पण कोड आधीच्या नोकरीत असताना लिहिलेला असेल किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तयार झाला असेल, तर मालकी कुणाची हा प्रश्न कंपनी विकताना उभा राहतो आणि सौदा तिथेच अडतो.

संस्थापकाला तुमच्या पैशाआधी घेता येण्यासारखी मदत सुचवणेही योग्य ठरते. वेर्ण्याचे सीबा, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातील फायर, सत्तरीत गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे अटल केंद्र अशी इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीचा आधार देणारी केंद्रे, गोव्यात आहेत. केंद्राने २०२१ मध्ये चार वर्षांसाठी आणलेली ९४५ कोटींची सीड फंड (सुरुवातीच्या भांडवलाची) योजना अशा निवडक इन्क्युबेटरांमार्फतच राबवली गेली; तीत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात मदत मिळण्याची तरतूद होती. नमुना तयार नसताना तुम्हाला समभाग देऊन पैसा घेण्यापेक्षा अशी मदत मिळत असेल तर तो मार्ग संस्थापकाला स्वस्त पडतो.

पैसा दिल्यानंतर

दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत एक पानभर ईमेल यावे, एवढीच अपेक्षा ठेवावी. त्यात विक्री, तूट, शिल्लक, किती महिने पुरेल, कोण आले, कोण गेले, आणि कुठे मदत हवी हे असले की झाले. ईमेल लांबू लागले, आकड्यांऐवजी विशेषणे येऊ लागली किंवा मागच्या महिन्यापर्यंत असलेला एखादा आकडा गुपचूप गायब झाला, की फोन करावा. दोन महिने ईमेलच आले नाही तर बहुधा कंपनी अडचणीत असते.

पण वाईट बातमी येत राहावी यासाठी तुमचेही वागणे तसे लागते. बातमी आली त्या दिवशी सल्ला देऊ नये, आणि "मी आधीच सांगितले होते" हे तर कधीच नाही. आकडा मिळाल्याची पोच द्यावी, पुढे काय करायचे ठरवले आहे एवढे विचारावे, आणि त्यात तुमची एखादी ओळख उपयोगी पडणार असेल तर त्याच दिवशी फोन लावून द्यावा. हॉटेलमालक गुंतवणूकदाराने आपल्या दहा सहकाऱ्यांकडे संस्थापकाला नेऊन बसवले, तर त्याची किंमत त्याने घातलेल्या पाच लाखांहून जास्त असते. एक टक्का हिस्सा असताना संचालक मंडळावर जागा मागू नये आणि रोज फोन करून विचारपूसही करू नये. पहिल्याने कंपनी अडखळते आणि दुसऱ्याने संस्थापक खोटे बोलायला शिकतो.

राखून ठेवलेला पैसा दुसऱ्या फेरीत कुणाला द्यायचा हे ठरवताना मागच्या बारा महिन्यांची ईमेल एका बैठकीत सलग वाचावीत. जूनमध्ये जी अडचण लिहिली होती ती ऑक्टोबरमध्ये सुटली का, नाही सुटली तर तिचा उल्लेख राहिला का, हे त्यात दिसते. विक्री थोडी कमी असली तरी ज्याची ईमेल सलग वाचता येतात त्याला मी आधी पैसा देतो.

कंपनी बंद करण्याची वेळ आली तर ती शिल्लक शून्यावर जाण्याच्या दोन-तीन महिने आधी ओळखायला हवी, कारण कर्मचाऱ्यांचे शेवटचे पगार, भविष्यनिर्वाह निधी, जीएसटी आणि पुरवठादारांची बिले भागवायला तेवढा पैसा लागतो. सर्व देणी चुकती झाल्यावर कंपन्यांच्या नोंदवहीतून नाव वगळण्यासाठी केंद्राच्या सी-पेस या कंपन्या बंद करण्याचे काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो. देणी तशीच ठेवून कार्यालयाला कुलूप लावले तर संचालकांवर दंड आणि अपात्रता येऊ शकते, आणि तरुण संस्थापकाला हे कुणीतरी आधी सांगायला हवे असते. तुमचे पाच लाख गेलेले असतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्याकडून एक शेवटचे पत्र मात्र मागून घ्यावे: कोणता आकडा त्याला आधी दिसला होता, तो त्याने केव्हा मान्य केला आणि मधल्या काळात किती पैसा खर्च झाला. हे पत्र जपून ठेवावे, कारण दोन-तीन वर्षांनी तोच माणूस दुसरी कंपनी घेऊन येतो आणि तेव्हा बारा महिन्यांचे बँक विवरण मागण्याआधी ते पत्र दोघांनी मिळून वाचावे लागते.